एकतीस नंबरचं हिरवं

माझी धाकटी आत्या आकाशातून नद्या बघते, असं आमच्या घरी पाहुण्यांना सांगायची पद्धत होती. प्रत्यक्षात ती एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, संगणकाच्या दोन पडद्यांसमोर बसायची. खोलीला खिडकी होती, पण पडद्यावर उजेड येतो म्हणून तिच्या काचेला तपकिरी कागद चिकटवलेला. अख्खं नदीखोरं रोज डोळ्यांखालून घालणाऱ्या या बाईला बाहेर ऊन आहे की ढग, हे डबा खायला खाली उतरल्यावरच कळायचं.

उपग्रहाने काढलेली चित्रं तिच्याकडे येत. चित्रातला एक ठिपका म्हणजे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद जमीन. "तेवढ्यात तुझं घर, अंगण आणि शेजारणीशी झालेलं भांडण, सगळं मावतं," ती म्हणायची. कुठला ठिपका झाडांचा, कुठला शेतीचा, कुठला उघड्या खडकाचा, हे तिने ठरवायचं. पाणलोट म्हणजे काय, तेही तिनेच मला शिकवलं. ओट्यावर प्लास्टिकचा कागद चुरगळून ठेवला, त्यावर पेलाभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "बघ, कुठेही ओतलं तरी या घडीतच येतंय ना? या घडीत पाणी देणारी सगळी जमीन म्हणजे या ओढ्याचं पाणलोट." मग आईची बोलणी दोघींनी मिळून खाल्ली.

त्या कामात एक गंमत होती. उपग्रहाच्या चित्रात झाडी हिरवी दिसत नाही, लालभडक दिसते. डोळ्यांना न दिसणारा कसलासा प्रकाश पानं परत फेकतात, तो दाखवायला लाल रंग वापरतात. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यावर दर महिन्याला एकदा तरी विचारायचे, "मग तुमच्या ऑफिसातली माणसं सिग्नलला काय करतात हो?" आणि आत्या दर महिन्याला एकदा तरी म्हणायची, "तुमच्यासारखी मध्येच उभी राहत नाहीत."

मोठी आत्या याच खोऱ्यात राहायची, पार वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. तिने मधमाश्या पाळणाऱ्या माणसाशी आपल्या मनाने लग्न केलं होतं. आजोबा तेव्हा म्हणाले होते, "माश्या पाळणाऱ्याच्या घरी जाऊन माश्या मारत बसशील." ते एक वाक्य मोठीने पस्तीस वर्षं मनात धरून ठेवलं. बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर तिच्या तोंडून माहेरी एकही तक्रार आली नाही. कपाट अंगावर पडून हात मोडला, तेव्हा पत्रात लिहिलं होतं, 'यंदा मध छान निघाला.' प्लास्टरचं आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, तेही फोटोत दिसलं म्हणून.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी धाकटीच्या विभागाकडे मोठं काम आलं. नदीच्या बेचाळीस छोट्या पाणलोटांपैकी कुठलं किती नाजूक आहे, ते ठरवायचं होतं. नाजूक हा त्यांचा कामकाजातला शब्द. उतार किती, माती कसली, पाऊस किती, झाडी किती दाट, माणसांचा वावर किती, याचे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि पाच वर्ग पाडायचे. सगळ्यात नाजूक अशा नऊ पाणलोटांत दगडी बांध घालायचे, वाढलेलं रान काढायचं, झाडं लावायची आणि पाच वर्षं ती जगवायची. नवाच्या पुढच्यांना काही नाही. मोठी आत्या राहायची, ते पाणलोट एकतीस नंबरचं.

पडद्यावर ठरवलेलं खरं आहे की नाही, हे बघायला काही जागी जाऊन यावं लागतं. त्याला प्रत्यक्ष पाहणी म्हणतात. फॉर्म घेऊन त्या ठिपक्यावर उभं राहायचं, वर बघायचं, खाली बघायचं, माती हातात घ्यायची आणि लिहायचं. एकतीस नंबरात अशा सहा जागा होत्या आणि त्या धाकटीच्या वाट्याला आल्या. बहिणीचं घर तिथेच आहे म्हटल्यावर तिनेच मागून घेतल्या, हे ती आता स्वतःहून सांगते.

आणि नेमकं त्याच पंधरवड्यात तिच्या घराला रंग लागत होता.

हे हसण्यावारी नेऊ नका. अकरा वर्षं ती त्या रंगाची वाट बघत होती. एकदा सासूबाईंचं आजारपण, एकदा मुलीची परीक्षा, एकदा गळकं छत. शेवटी रंगारी आले, सामान खोल्यांच्या मधोमध चादरींखाली गेलं, आणि ती कपाटाच्या वर ठेवलेल्या गॅसवर चहा करायला लागली. सात तासांची बस, पुढे दीड तासाची चढण, तीन दिवस तरी मोडणार.

"तू जाऊन ये," आतोबा म्हणाले. "मी बघतो रंगाऱ्यांकडे."

"तुम्ही? तुम्हाला पांढरा आणि मोतिया यातला फरक कळत नाही."

"रंगाऱ्याला कळतो ना."

"त्याला कळतो, म्हणूनच तर बघावं लागतं."

पण यामागे आणखी एक गोष्ट होती. चार वर्षांत ती ताईकडे फिरकली नव्हती. आता गेली असती तर ऑफिसच्या फॉर्मसकट. ताई काय म्हणेल, हे तिला शब्दाशब्दाने ऐकू येत होतं. चार वर्षांनी आलीस ती दगड मोजायला?

म्हणून तिने फोन केला. मी त्या दिवशी पडद्यांचं कापड शिवून द्यायला तिच्याकडे गेले होते. ती चादरीखालच्या सोफ्यावर फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती, आणि फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण एका हाताला रंग लागला होता.

"ताई, ऑफिसचं आहे थोडं. तुमच्या मागच्या उतारावर झाडांचं छत्र किती टक्के असेल?"

"छत्री?"

"छत्र गं. खाली उभं राहून वर बघितलं तर आकाश किती दिसतं?"

"दिसतं की. पाहिजे तेवढं दिसतं."

"ताई!"

"अगं चिमणे, हिरवंगार आहे सगळं. बाराही महिने हिरवं. पूर्वी पानगळीत नुसते खराटे दिसायचे, आता तेही नाही. लिही."

चिमणी हे धाकटीचं घरातलं नाव. पन्नाशीतही तेच.

"माती वाहून जाते का?"

"आमच्याकडे काही वाहून जात नाही. सगळं जागच्या जागी आहे. मीसुद्धा."

"ओढ्याला पाणी किती महिने असतं?"

"असतं."

"म्हणजे किती महिने?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "लागेल तेवढं असतं गं. काय ते नाजूक की काय ठरवता म्हणे तुम्ही? आमचं काही नाजूकबिजूक नाही, आधीच सांगते. यांनाही सांगून ठेवते, कुणी विचारलं तर." मग जरा थांबून म्हणाली, "तू येणार होतीस ना?"

"येणारच होते गं. पण रंगकाम निघालंय."

"बरं. कुठला रंग?"

"फिकट पिस्ता."

"छान दिसेल," मोठी म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटीने सहाही जागांसमोर लिहिलं: दाट झाडी, माती स्थिर, ओढा बारमाही. 'प्रत्यक्ष पाहणी केली' या चौकटीत बरोबरची खूण केली. जागेचे अक्षांश-रेखांश तिने ऑफिसातल्या संगणकावरून आधीच उतरवून आणले होते. मी समोर बसून पडद्याला चुण्या घालत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सख्ख्या बहिणीपेक्षा खरं कोण सांगणार?

शंका तिला आली होती. हे तिने फार पुढे मला सांगितलं. त्या भागातली झाडं कोरड्या दिवसांत पानं टाकतात, त्यामुळे तेव्हाच्या चित्रात शेजारचे सगळे उतार विटक्या गुलाबी रंगाचे दिसत होते. एकतीस नंबरचा उतार तेवढा लालभडक. सगळे विटले असताना हा एकटा असा का? ती साहेबांकडे गेली. साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पाहणी काय म्हणते?"

"हिरवं आहे म्हणते."

"मग चित्राचं कशाला मनावर घेता? तुम्ही स्वतः बघून आलात ना?"

तिथे 'नाही' एवढा एक शब्द बोलायला हवा होता. ती म्हणाली, "हो."

पुढे जे झालं ते त्या खात्यातल्याच माणसाला सुचेल. संगणकाला शिकवावं लागतं, हा नमुना बघ, असं दिसलं की जंगल समज. पाहणी झालेल्या जागा म्हणजे त्याची बाराखडी. धाकटीच्या सहा जागा त्या बाराखडीत गेल्या. कोरड्या दिवसांतही लालभडक दिसतं ते उत्तम जंगल, असं संगणक शिकला आणि शिकवलेलं न विसरता सगळ्या खोऱ्यात तेच करत सुटला. नकाशा छापून आला. एकतीस नंबर 'कमी नाजूक' या वर्गात, फिकट पिस्ता रंगात. मोठीला नकाशाची प्रत पाठवली, तर उलट टपाली उत्तर आलं, 'यांनी भिंतीला लावला आहे.'

सहा वर्षं गेली. धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि ताईला बोलवायला जायचं तर स्वतः जायला हवं, म्हणून ती एकदाची बसमध्ये बसली.

घाणेरीचा वास तिला चढणीच्या पहिल्या वळणावरच आला. पान चुरगळल्यावर येणारा तो उग्र वास, पण इथे कुणी काही चुरगळलेलं नव्हतं. वाटेच्या दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेली, बाराही महिने हिरवी राहणारी घाणेरी, फांद्या एकमेकींत अडकलेल्या, लाल-पिवळ्या फुलांचे गुच्छ. साडीचा पदर तीनदा अडकला. तिने छत्रीच्या टोकाने झुडूप बाजूला करून खाली बघितलं. गवत नव्हतं. रोप नव्हतं. माती धुऊन गेलेली, मुळं उघडी, मध्ये मध्ये खडक. वर हिरवंगार आणि खाली काही नाही. जुनी झाडं होती ती म्हातारी, एकेकटी, त्या हिरव्यात गळ्यापर्यंत बुडालेली. आकाशातून बघणाऱ्याला हे सगळं दाट जंगल दिसणार, यात उपग्रहाची काही चूक नव्हती.

मोठीने दारात पाय धुवायला तांब्या दिला. धाकटीने पायावर पाणी घेतलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं, ताईने खाली घमेलं सरकवलं आहे. पायावरचं पाणी घमेल्यात जमत होतं. घमेलं उचलून मोठीने ते पडवीतल्या एका बादलीत ओतलं, बादलीवर झाकण ठेवलं, आणि हात पुसत म्हणाली, "काय बघतेस? चल आत, चहा टाकते."

स्वयंपाकघरात अकरा भांडी भरून ठेवलेली होती, सगळी झाकलेली. कुठलं प्यायचं, कुठलं भांड्यांचं, कुठलं कपड्यांचं, हे एकट्या मोठीला ठाऊक.

"पाणी कुठून आणतेस?"

"खालच्या विहिरीवरून."

"ती तर दोन मैलांवर आहे! आणि ओढा?"

"ओढा आहे की. चार महिने असतो."

"कधीपासून?"

मोठी साखरेचा डबा शोधत होती. डबा समोरच होता. "तू तो फोन केलास ना," ती म्हणाली, "त्याच्या दोन वर्षं आधीपासून."

धाकटी म्हणते, मी उभी होते ती खाली बसले, पाटही घेतला नाही.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस? मी एक-एक करून विचारत होते!"

"विचारत होतीस खरी. पण मला ते फॉर्मचं काय कळणार? मला वाटलं, माहेर विचारतंय. माहेराने विचारलं की मी जे सांगते तेच सांगितलं."

"अगं, वाईट लिहिलं असतं तर काम मिळालं असतं इथे. बांध झाले असते. ही घाणेरी काढली असती."

"हे मला कुणी सांगितलं?" मोठीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू म्हणालीस ऑफिसचं आहे. नाजूक ठरलं की मदत येते, हे सांगितलंस? मला वाटलं, नापास करताहेत. आणि तू येणार होतीस. मी उताराकडची वाट साफ करून ठेवली होती, तुला दाखवायला. आलेल्या माणसाला दिसतं गं, त्याला सांगावं लागत नाही."

बाहेर भाऊजी, म्हणजे मोठीचे यजमान, मधमाश्यांच्या पेट्या पुसत होते. पूर्वी चाळीस होत्या, आता सहा. फुलपाखरांना घाणेरी चालते, माश्यांना त्यात फारसं काही मिळत नाही, असं ते म्हणाले. भिंतीवर नकाशा होता, काच घालून. त्यात त्यांचा उतार छान, शांत, पिस्ता रंगाचा.

धाकटी चार दिवस राहिली. लग्नाची पत्रिका पिशवीतच राहिली होती, ती तिसऱ्या दिवशी आठवणीने काढली. सहाही जागांवर ती गेली, आणि मोठी टेपचं दुसरं टोक धरून तिच्याबरोबर गेली.

"माती?"

"नाही उरली. लिही."

"रोपं?"

"एक नाही. लिही. आता विचारते आहेस तर नीट लिही, अक्षर कोंबडीचे पाय आहेत नुसते."

परत आल्यावर धाकटीने दोन पानांचं निवेदन लिहिलं. सहा वर्षांपूर्वी या सहा जागांची पाहणी मी केली नव्हती, फोनवरून माहिती भरली, ती चूक होती, आणि याच जागांच्या आधारे संगणकाने इतरत्रही चूक केलेली असणार. साहेब आता नवे होते, तिच्या मुलीच्या वयाचे. त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, दीड वर्ष राहिलंय तुमचं. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? पुढच्या फेरीत हळूच बदलून टाकू."

"पुढची फेरी कधी?"

"चार वर्षांनी."

"धोंडा आधीच पडलाय साहेब. पाय दुसऱ्यांचे आहेत."

निवेदन वर गेलं. तिला लेखी ताकीद मिळाली, संगणकाची खोली काढून घेतली, आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथे खिडकी होती, एवढं ती कौतुकाने सांगते. चित्रं पुन्हा तपासली गेली तेव्हा एकतीस सोडून आणखी अकरा पाणलोटांत दाट जंगल म्हणून घाणेरी निघाली. त्या अकरा ठिकाणी तिची कुणी बहीण नव्हती. सहा वर्षं तिथल्या कुणाकुणाच्या बायका पायाखाली घमेली धरत असतील, हा हिशेब ती अजून करते.

नवी यादी यायला दोन वर्षं लागली. एकतीस नंबर 'अतिनाजूक'. नवांत तिसरा. पण काम सुरू करण्याआधी तिथे राहणाऱ्यांची मोजणी करायची असते, कारण लावलेली झाडं जगवायला माणसं लागतात. निदान दहा घरं हवीत. एकतीस नंबरात एकोणीस घरं होती, त्यांतली चार उरली होती. मोठी आणि भाऊजी मोजणीच्या पाच महिने आधी उतरून आले होते. भाऊजींचे गुडघे गेले होते आणि दोन मैलांवरून पाणी आणणं मोठीच्या एकटीच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. चौकशीला आलेल्या कारकुनाने घरांना कुलपं बघितली आणि शेरा मारला: लोकवस्ती अपुरी. एकतीस नंबर यादीतून गेला, त्याच्या जागी दहावा आला.

धाकटी तेव्हा निवृत्त झाली होती. ही बातमी तिला जुन्या सहकाऱ्याने भाजीच्या दुकानात सांगितली. ती तशीच पिशवी घेऊन ताईकडे गेली. मोठी आता शहरातच राहते, पाच थांब्यांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मी तिथे होते. धाकटीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भाऊजी खिडकीशी बसले होते, ते एवढंच म्हणाले, "दहावा कुठला?" तिने नंबर सांगितला. "तिथे माझा एक ओळखीचा होता," ते म्हणाले, "अजून असेल तर बरं होईल त्याचं." आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. रस्त्यापलीकडे एक गॅरेज आहे, तेच दिसतं.

"ताई, तू मला एकदा बोल तरी," धाकटी म्हणाली. "वाट्टेल ते बोल."

"काय बोलू? तू बस आधी. उन्हातून आलीस."

"मी तेव्हा आले असते तर..."

"आली नाहीस," मोठी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, बसची वेळ सांगावी तसं ते होतं. मग ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला, आणि आतूनच तिने विचारलं, "फ्रीजमधलं देऊ की साधं?"